चव घेणारी

भांड्यातलं वरचं लालसर पाणी माल-सुनने ओतून दिलं. खाली ओक झाडाच्या बोंडांचं पीठ बसलं होतं. तिने ते बोटाने चाखलं. जिभेला काहीच कळलं नाही. आजारपणानंतर चव गेली होती, ती परतली नव्हती. पूर्वी तुरटपणा जायला पाणी कितीदा बदलायचं, हे नवरा चाखून सांगत असे. तो गेल्यावर गेल्या खेपेला तिने अंदाजाने पिठाच्या मऊ वड्या करून लेकीला सोल शहरात पाठवल्या आणि मी-ग्योंगचं पोट कडक झालं.

आता मी-ग्योंगला पुन्हा जुलाब लागले होते. फोनवर ती म्हणाली होती, "डॉक्टर म्हणाले, त्यातल्या तुरट टॅनिनने पोट सावरतं. पण जास्त झालं की आवळून धरतं. जरा बेतानं कर, आई."

किती बेतानं, ते कोण सांगणार? वाडीत आता दोनच चुली पेटत होत्या. दुसरी पिल-लेची. रानातली बोंडं कोणी आधी वेचली यावरून दोघींनी अबोला धरून बरीच वर्षं झाली होती.

माल-सुन वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"मी-ग्योंगची आई? वाट चुकलीस की काय?"

"जीभ मेलीय माझी. जरा चाखून सांग."

पिल-लेने चमचा तोंडात घातला. ओठ मुडपले. "तुरट आहे. अजून पाणी बदल."

"बस दुपारी जाते. ड्रायव्हरकडे डबा द्यायचाय."

"मग दे. लेक तुझी, पोट तिचं."

हिचा राग अजून गेला नसेल, मुद्दाम खोटं सांगत असेल तर? माल-सुन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग घरी येऊन तिने पाणी बदललं. दुपारी खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला आणि विरून गेला.

सकाळी पिल-लेने पुन्हा चाखलं, सावकाश. "झालं. शिजव आता."

"एक वडी तुलाही आणते."

"नको. दात नाहीत."

"वडीला कुठे दात लागतात?"

पिल-ले हसली नाही. दार मात्र तिने लावून घेतलं नाही.

डबा बसने गेला. संध्याकाळी फोन आला. "छान झालंय, आई. पोटाला बरं वाटतंय."

फोन ठेवल्यावर घर फार मोठं झालं. माल-सुनने आपल्यापुरती वडी कापली, सोयाची चटणी घातली आणि घास घेतला. खरवसासारखी ती जिभेवर थरथरली. गारव्यापलीकडे काहीच कळलं नाही. छान झालंय, या लेकीच्या शब्दांवर विश्वास ठेवून तिने ताटली संपवली.