धुण्याच्या दगडाला मागणी

मी उस्मानपुऱ्यातला धुण्याचा दगड बोलतोय. मालनबाईंच्या मागच्या अंगणात, नळाजवळ जरा तिरका बसवलेला. माझ्या काळ्या अंगावर लांबट पांढरे ठिपके आहेत. मालनबाईंना ते साबणाचे डाग वाटायचे. वर्षानुवर्षं त्यांनी ते काथ्यानं घासले.

माझा जन्म जमिनीच्या पोटात, तापून वितळलेल्या रसाचा. पुढं पैठण रस्त्याच्या खाणीतून मालनबाईंच्या यजमानांनी, सांडूकाकांनी, मला आणलं. ते एसटीत मेकॅनिक होते. त्यांची तेलकट खाकी, मग बाळाची दुपटी, मग त्याच बाळाच्या, प्रणयच्या, जीन्स. मालनबाई ज्याच्यावर रागावत, त्याचे कपडे माझ्यावर जोरात आपटत.

मागच्या उन्हाळ्यात प्रणयला स्थळ आलं. मेघा आणि तिची आई संध्याताई घर बघायला आल्या. जय भीम झालं, पोहे झाले. मेघा हात धुवायला मागं आली आणि मला बघून थांबली. तिनं पर्समधून भिंग काढलं, पट्टी काढली आणि चांगल्या साडीत माझ्यापुढं ओल्यातच गुडघे टेकले.

आत चहा निवला. मालनबाई बघायला आल्या.

"काय गं, काय पडलं का?"

"नाही काकू, ह्याचे स्फटिक मोजतेय. कॉलेजात मी हेच करते. हे पांढरे जमिनीखाली सावकाश निवताना वाढलेत. काळा भाग वर आल्यावर पटकन थिजला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. पाक हळू निवला की खडे मोठे होतात ना, तसंच."

"म्हंजे डाग नायत ते?"

"नाहीत."

मालनबाई पायरीवर बसल्या.

एकेक करून सगळेच बाहेर आले. पुढची सगळी बैठक माझ्याभोवती झाली. मेघा सांडूकाकांना म्हणाली, "काका, ह्याचा एक तुकडा मिळेल का? सूक्ष्मदर्शकाखाली बघायचाय."

काका म्हणाले, "पोरी, आपण काहीच मागायचं नाय, असं आम्ही ठरवलं होतं. तुम्ही मागाल, हे ध्यानातच नाय आलं."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मुलीकडच्यांनी हुंड्यात दगड मागितला. शेजारच्या भामाबाई म्हणाल्या, "आज दगूड मागतेत, उद्या नळ मागतील." मालनबाईंनी तर साफ नकार दिला. दगड कापायचा नाही.

"आई, कोपरा दे," प्रणय म्हणाला. "मला मुलगी पसंत आहे."

"पर तिला तू पसंत हायेस का दगूड?"

प्रणयनं फोन करून विचारलं आणि उत्तर जसंच्या तसं घरात सांगितलं. "दगड पसंत आहे म्हणली. माझं अजून ठरवतेय."

मालनबाई म्हणाल्या, "पोरगी खोटं बोलत नाय." आणि छिन्नी शोधायला लागल्या.

प्रणयनं घाव घातला तेव्हा त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं होतं. मेघानं तुकड्याची चकती कापली, काचेवर चिकटवली आणि उजेड आरपार जाईल इतकी झिजवली. मग मालनबाईंना कॉलेजात नेऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या कांड्या आणि त्यांच्या मधोमध निळे, नारिंगी कण. मालनबाईंनी डोळा लवकर काढलाच नाही.

"आन् ह्याला मी बडवीत होते," त्या म्हणाल्या.

मेघानं पुरता विचार करून होकार दिला. लग्न झालं. सून आली, आता माझे स्फटिक रविवारी निवांत मोजले जातात.

पण मालनबाई बदलल्या. कपडा माझ्यावर अलगद पसरतात, बाळाला न्हाऊ घालावं तसा हात फिरवतात आणि कुणी नाही असं बघून विचारतात, "दुखतंय का रं?" सांडूकाका मळक्या कॉलरीनं हिंडतात आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही.

मालनबाई, मी आगीतून वर आलोय. खाणीतला सुरुंग सोसलाय. तुमच्या हातानं मला काही होत नाही. उलट तो हात हलका झाल्यापासून मला करमत नाही.

पदर खोचा, बाई. आपटा.