घरगाडीतला नाताळ

यंदाचा नाताळ सगळ्यांनी मिळून गाडीत राहून करायचा, असं प्रफुलनं जाहीर केलं तेव्हा सेलूच्या त्या घरात सगळ्यांत आधी "हो" म्हणाल्या त्या सुलोचनाबाई, त्याची आई. प्रफुलच काय, त्याची बायको मयुरीही बघतच राहिली. ज्या बाईला एसटीत पाय ठेवला की मळमळायला लागतं, जिनं नाताळ हा शब्द जन्मभर फक्त शाळेच्या सुट्टीपुरता ऐकला, ती बाई म्हणत होती, "जाऊ ना, काऊन नाई जायचं?"

प्रफुल अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला होता. तिकडं दर नाताळात तो बायको-पोरीला घेऊन एक मोठी गाडी भाड्यानं घ्यायचा. गाडीतच ओटा, गाडीतच पलंग, आणि हो, गाडीतच न्हाणीसुद्धा. सात वर्षांच्या मिहिकाला नाताळ म्हणजे तेवढंच ठाऊक होतं. ना देव, ना पूजा, फक्त चाकावरचं घर आणि त्यात टांगलेले मोजे. दोन हजार दोन सालच्या डिसेंबरात ते तिघं सेलूला आले आणि पोरीनं दुसऱ्याच दिवशी भोकाड पसरलं की आपली गाडी कुठं आहे. मग प्रफुलनं वऱ्हाडाची ने-आण करणारी एक मिनीबस ठरवली, मागच्या सीटा काढायला लावल्या, गाद्या टाकल्या, गॅसची शेगडी आणि पाण्याच्या कॅन चढवल्या. ड्रायव्हर लहानू कपाळाला हात लावून म्हणाला, "घर असून गाडीत झोपनारे पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

सुलोचनाबाईंना ना मोज्यांचं कौतुक होतं ना गाडीचं. त्यांना फक्त प्रफुल एकटा हवा होता, निवांत तासभर.

कारण सांगायचं होतं ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. भैय्याजींचं, त्यांच्या नवऱ्याचं, डोकं हरवत चाललं होतं. चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेला माणूस. कोणत्या घरी कोणता तांदूळ जातो हे त्यांना तोंडपाठ. तो माणूस गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका दुपारी बसस्टँडवर उभा राहून तानबा पानठेलेवाल्याला विचारत होता की बाप्पा, भैय्याजी किराणावाल्याचं घर कोनतं. तानबानं हाताला धरून घरी आणून सोडलं. सुलोचनाबाईंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, भोवळ आली होती, कोणाला बोलू नको. एकदा तर भैय्याजींनी त्यांना आईसाठी चहा टाकायला सांगितलं. सासूबाईंना जाऊन कैक वर्षं झाली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सुलोचनाबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. दुकानदाराची याद गेली असं गावात कळलं की दुकान बसलं, आणि माणसाची किंमत गेली ती वेगळीच. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. दारात कोणी आलं की भैय्याजींच्या आधी त्याच बोलायच्या, "या या गुलाबराव, केळझरहून आले का?" एवढं कानावर पडलं की भैय्याजी उरलेलं सांभाळून न्यायचे. गिऱ्हाइकाशी गोड बोलण्याची सवय अजून शाबूत होती. वर्षभर हे असं चाललं होतं आणि कोणाला वास आला नव्हता.

पण नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवायला हवं होतं. सुलोचनाबाईंनी दोनदा विषय काढला, तेव्हा भैय्याजी इतके खवळले की ताट सरकवून उठले. त्यांना नेईल तर प्रफुलच नेईल, तो एकच त्यांना हुकूम सोडू शकत होता. फोनवर सांगावं तर फोन दुकानात, भैय्याजींच्या गादीशेजारी. आणि प्रफुल आल्यापासून घराला जत्रेचं रूप आलेलं. सकाळी पोहे संपेपर्यंत आलेली माणसं रात्री भाकरी मोडूनच उठायची. गाडीत तरी कोणी येणार नाही, एवढ्या एका आशेवर त्यांनी मळमळीची गोळी घेतली आणि गाडीत चढल्या.

पहिला मुक्काम बोर धरणाशी होता. मिहिकाला झाड हवं होतं. तिकडचं ते निमुळतं झाड इथं कुठून आणणार? भैय्याजींनी ओळखीच्या शेतातून शेंगांनी लगडलेलं तुरीचं झाड उपटून आणलं आणि पाण्याच्या कॅनला बांधलं. मयुरीनं बोंडांतला कापूस काढून त्यावर बर्फ पाडला. पडद्याच्या दांडीवर पाच मोजे टांगले गेले. मिहिकानं आजोबांना तिच्या मोडक्या मराठीत नियम सांगितला, की ज्यानं त्यानं आपली जपून ठेवलेली वस्तू गुपचूप दुसऱ्याच्या मोज्यात टाकायची, आणि नाताळच्या सकाळी सगळ्यांनी गाडीत बसूनच मोजे उघडायचे.

"अन् तवरीक कोनाले सांगायचं नाई?" भैय्याजींनी विचारलं.

"नाई," मिहिका म्हणाली.

भैय्याजी खूश होऊन हसले. सुलोचनाबाईंनी शेगडी पेटवली. आता चहा झाला की प्रफुलला घेऊन पाण्याच्या कडेनं चालायला जायचं, असं त्यांनी ठरवलं. चहाला उकळी आली आणि लुनावरून एक माणूस उतरला. हिंगणीचं जुनं गिऱ्हाईक.

"भैय्याजी, गाडीत झोपता? मंग आमचं घर काय गुरं बांधाले हाय?"

प्रफुलनं परोपरीनं समजावलं की ही आमची हौस आहे. पण आपल्या गावाच्या शिवेवर ओळखीचा माणूस गाडीत झोपला तर उद्या लोक तोंडात शेण घालतील, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. अर्ध्या तासात गाडी त्याच्या अंगणात होती, तुरीच्या झाडासकट. बायका चुलीपाशी आणि पुरुष ओसरीवर. प्रफुल सुलोचनाबाईंना सकाळीच दिसला.

आष्टीला तर बोलायलाच नको. तिथं भैय्याजींची थोरली बहीण सुमित्राबाई. तिच्या दारावरून जाऊन गाडीत मुक्काम करणं म्हणजे जन्माचं वैर घेणं. ती रस्त्यावरच उभी होती. तिला कोणी कळवलं? तर खुद्द भैय्याजींनीच, निघायच्या आधी कधीतरी फोन करून, आणि मग ते विसरून. घरात गेल्यावर मात्र भाऊ-बहीण जुन्या गोष्टींत असे रंगले की विचारू नका. कोणत्या सालच्या पोळ्याला कोणाचा बैल उधळला, बापानं कोणाला कोणत्या झाडाखाली बदडलं, सगळं भैय्याजींना आठवत होतं. प्रफुल कौतुकानं मयुरीला म्हणाला, "बाबांची मेमरी बघ. मला कालचं आठवत नाही."

पलीकडं पोळ्या लाटणाऱ्या सुलोचनाबाईंचा हात थांबला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेवढ्यात सुमित्राबाईंचा मोठा मुलगा शेतातून आला आणि सुलोचनाबाईंच्या तोंडून सवयीनं निघालंच, "हे पाहा, आपला विठ्ठल आला." भैय्याजी लगेच म्हणाले, "ये विठ्ठल, बस." प्रफुलला काही कळलं नाही, आणि कळू दिलं नाही ते आपणच, हे पोळी करपल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी हिंगणघाटच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. देवानं दिलेली संधी म्हणायची. भैय्याजी लहानूपाशी उभे राहून जॅक कसा लावावा ते सांगू लागले. मयुरी पोरीला कापूस वेचणाऱ्या बायकांकडं घेऊन गेली. गाडीत प्रफुल आणि त्या, दोघंच. सुलोचनाबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. बसस्टँड, सासूबाईंचा चहा, दुकानाची दुसरी चावी कुठंतरी लपवून विसरलेली. आता एकुलती एक चावी भैय्याजींच्या बंडीच्या आतल्या खिशात असायची आणि झोपतानाही ते ती काढत नसत.

प्रफुलनं ऐकून घेतलं. मग त्यांचा हात हातात घेतला. "आई, तू थकलीस. या वयात थोडं विसरणं होतंच. आष्टीला ऐकलंस ना तू?"

"ते जुनं हाय बापू. जुनं राह्यते. आजचं इचार त्याईले."

प्रफुलनं खिडकीतून हाक मारली. भैय्याजी आत आले.

"बाबा, आज सकाळी काय खाल्लं आपण?" प्रफुलनं हसतच विचारलं.

भैय्याजींचा चेहरा क्षणभर कोरा झाला. सुलोचनाबाईंना तो दिसला, कारण त्या तो रोज पाहत होत्या. मग चाळीस वर्षांची गादी कामाला आली.

"बहिणीच्या घरी काय खाल्लं, ते मोजाचं नसते बापू. मोजलं का ते दुकान होते."

प्रफुल मनापासून हसला. सुलोचनाबाईंना आणखी विचारता आलं असतं. आज वार कोणता, आपण निघालो कुठं. पण पोराच्या पुढ्यात नवऱ्याला आरोपीसारखं उभं करायला जीभ रेटेना. प्रफुल त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुढच्या वेळी आलो की सगळे चेकअप करून टाकू. तुझेही." पुढची वेळ म्हणजे चार वर्षांनी.

उरलं वडनेर, त्यांचं माहेर. तिथं नाताळची आदली रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत. रस्ताभर सुलोचनाबाईंनी मनाशी गाठ बांधली, की या वेळी नाव सांगायचं नाही. मेहुण्याला भैय्याजींनी ओळखलं नाही की प्रफुल आपल्या डोळ्यांनी पाहील, मग डॉक्टरचं तोच बोलेल. एवढं एकदा गप्प बसायचं, बस्स.

प्रभाकरराव, त्यांचे भाऊ, वेशीवर टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. गाडी थांबली. ते दार उघडून वर चढले आणि "काय भाऊजी" म्हणत भैय्याजींसमोर उभे राहिले. भैय्याजी त्यांच्याकडं बघत राहिले. ओठ हलले, नाव आलं नाही. प्रफुल बघत होता. भैय्याजींनी मान वळवून सुलोचनाबाईंकडं पाहिलं. गर्दीत बोट सुटलेलं पोर पाहतं, तसं.

"प्रभाकरदादा आले न्याले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "उठा ना."

"अरे प्रभाकरराव!" भैय्याजी उठून गळ्यात पडले.

झालं. रात्रभर सुलोचनाबाई माहेरच्या खाटेवर कूस बदलत राहिल्या. स्वतःचा राग येत होता आणि तरी ठाऊक होतं, की पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा हेच होणार.

नाताळच्या सकाळी मिहिका मोजे घेऊन बसली, पण गाडीत गावातली निम्मी पोरं चढलेली, तुरीच्या शेंगा खाऊन झाडाचा खराटा केलेला. या गोंधळात मोजे उघडायचे नाहीत, असं तिनं फुगून सांगितलं. प्रभाकररावांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. परतीला तर एकेक नातेवाईक चढत-उतरत गेला आणि ती रात्रही वाटेतच गेली. मोजे तसेच बॅगेत गेले. सव्वीस तारखेला सकाळी सेलूला ओट्यावर म्हाताऱ्यांना उतरवून, पाया पडून, प्रफुल त्याच गाडीनं नागपूरच्या विमानतळाकडं निघाला. निघता निघता म्हणाला, "आई, किती मजा आली. बाबा किती खूश होते."

गाडी दिसेनाशी झाल्यावर भैय्याजी दुकान उघडायला गेले. सुलोचनाबाई घर झाडत होत्या. बऱ्याच वेळानं त्या पुढं आल्या तर दुकान बंदच, आणि भैय्याजी पायरीवर बसून बंडीचा खिसा चाचपत होते. एकदा डावा, एकदा उजवा, पुन्हा डावा.

"चावी कुठं हाय?"

"इथंच ठेवली ना," ते म्हणाले.

सुलोचनाबाईंनी गाद्या झटकल्या, थैल्या उपड्या केल्या, देव्हारा पाहिला. दुपार कलली. तेवढ्यात बंद शटरच्या आत फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. सुलोचनाबाई शटरवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. मग समोरच्या पानठेल्यावरून तानबानं हाक मारली. त्याच्याकडं एसटीडीचा फोन होता. "काकू, प्रफुलभाऊचा फोन."

प्रफुलचा आवाज जड झाला होता. विमानतळावर मिहिकानं मोजे उघडले. तिच्या मोज्यात दुकानाची चावी निघाली.

सुलोचनाबाईंनी ठेल्याची फळी धरली. "बापू, तेच तर मी..."

"मला कळलं गं आई. बाबांनी चाळीस वर्षं कोणाच्या हातात न दिलेली चावी नातीला दिली. दुकान सांभाळायला परत ये, असंच ना? तोंडानं नाही सांगता आलं त्यांना. मी रडलो इथं बसून. पण मला नाही जमायचं. असं नका बांधू मला."

"तसं नोय रे. त्याईले आठवत नाई, प्रफुल. तू येऊन गेला हे बी त्याईले याद नाई रायनार."

"आई, तू आता बाबांची बाजू नको सावरू. मी रागावलो नाही म्हणून सांग त्यांना. चावी इथं सोडायला आलेल्या मयुरीच्या भावाजवळ देतो, तो आणून देईल. बोलावताहेत आम्हाला, ठेवतो."

फोन बंद झाला. कुलूप तोडणारा माणूस सांगून येतो, एवढंच म्हणून तानबा सायकलवर बसला.

सुलोचनाबाई रस्ता ओलांडून आल्या आणि पायरीवर भैय्याजींच्या शेजारी टेकल्या. त्यांच्या बंडीला कापसाचा एक पुंजका चिकटला होता, तो त्यांनी काढला.

"कोनाचा फोन होता?"

"प्रफुलचा."

"केव्हा येतो म्हन्ते?"

सुलोचनाबाईंनी बंद शटरकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आसपास कोणी नव्हतं.

"नाताळाले," त्या म्हणाल्या.

"मंग लहानूले गाडी सांगून ठेवाव लागन," भैय्याजी म्हणाले, आणि पुन्हा खिसा चाचपू लागले.