वीतभर वर

मी खाडीतली मोजकाठी बोलतेय. तुम्ही म्हणाल, काठी ती काठी, तिला काय बोलायचं असणार! पण दीड महिना माझ्या मनात एक गोष्ट डाचत होती आणि तोंड नसल्यामुळे ती कुणाला सांगता येत नव्हती. असा जीव टांगणीला लागणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

माझा जन्म पेणचा. एका सुताराने सागाची सरळ पट्टी तासली, उभ्या माणसाच्या डोक्यावर हातभर जाईल एवढी. माझ्यावर खुणा काढल्या अनिताने. ती गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. ज्या बारीक कुंचल्याने देवाच्या पापण्या काढायच्या, त्याच कुंचल्याने तिने माझ्या अंगावर सेंटिमीटर काढले. एक रेघ वाकडी नाही! मला त्याचा भारी तोरा होता. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

मला बनवून घेतलं अनिताच्या भाचीने, प्रतिक्षाने. तिचं गाव कासू स्टेशनापासून पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. बाप गुणाजी आधी मिठागरात राबला, आता भात करतो. प्रतिक्षा रोह्याच्या एका कॉलेजात गणित शिकवते. तिने कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहिला होता. पुढच्या उधाणाला खाडीचं पाणी कुठवर चढेल ते आधी सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण गावाच्या दृष्टीने ते लहान नव्हतं. खारं पाणी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक बांध आहे, बाकी काही नाही. बांध फुटला, त्याला खांड पडली, की त्या शेतात दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको.

प्रोग्रामला रोज आकडे लागत आणि ते मी देई. पौषात मला बांधालगत चिखलात रोवलं. गुणाजी रोज भरतीला यायचा, डोळे बारीक करून माझ्यावरचा आकडा वाचायचा आणि फोनवर लेकीला कळवायचा. अंगात ताप असला तरी यायचा. इतका इमानदार माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि घोळ नेमका त्याच्याच हातून झाला.

आषाढी अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी खांड पडली. दगड, पेंढा, मोडकी दारं, हाताला लागेल ते घेऊन माणसं धावली. गुणाजीने मला उपटलं आणि खांडीत आडवं घातलं. मी चिखल धरून ठेवला. बांध वाचला! तिसऱ्या दिवशी त्याने मला धुतलं आणि जुन्याच जागी पुन्हा रोवलं. पण त्या गडबडीत फेकलेला एक दगड तिथे चिखलात रुतून बसला होता. मी त्याच्यावर टेकले, पहिल्यापेक्षा वीतभर वर. गुणाजीने दोन टोले हाणले. मी तसूभरही खाली जाईना.

"बसली," तो म्हणाला आणि शेताकडे वळला.

तिथून माझं सुख संपलं. मी वीतभर वर आले, म्हणजे माझ्यावर पाणी वीतभर कमी दिसणार. भरतीगणिक मी खोटं बोलत होते आणि गुणाजी ते खोटं प्रामाणिकपणे फोनवर कळवत होता.

प्रतिक्षाला फरक दिसला. हुशार माणसाला फरक दिसला की तो कारण शोधतो, आणि शोधलं की ते त्याला सापडतंच. वाळूच्या उपशाने खाडी रुंदावली, म्हणून पाणी उतरलं, असं तिने ठरवलं. त्यावर अकरा पानं लिहिली, देखणे आलेख काढले. बापाला एक प्रश्न विचारायचा तेवढा राहिला.

भाद्रपदात रोह्याच्या कॉलेजात परिषद भरली. शास्त्रातल्या आकडेमोडीसाठी प्रोग्राम लिहायचे आणि ते साऱ्या जगाला फुकट वाटायचे, अशा लोकांची ती मंडळी. लॅपटॉपवर चिकटवलेली चित्रं, पायात चपला. हॉलमध्ये शिरल्याबरोबर जो तो भिंतीला चार्जरची जागा शोधत होता. त्यांच्या सामाईक संग्रहात आपला प्रोग्राम घेतला जावा, ही प्रतिक्षाची वर्षभराची आस. "काठीपण आणा, लोकांना बघू दे," असं त्यांनी कळवलं होतं. म्हणून प्रतिक्षा आम्हाला न्यायला गावी आली, गुणाजीने मला पुन्हा उपटलं आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं कासूहून निघालो.

वाटेत मी नुसती तळमळत होते. पौर्णिमेचं उधाण रविवारी दुपारी होतं. पाणी बांधाच्या माथ्याखाली जवळजवळ वीतभर राहील, असं प्रोग्रामने गावाला सांगून ठेवलं होतं. त्या भरवशावर सगळी आळी रविवारी कोलाडला बारशाला निघाली होती. दोन टेम्पो ठरले होते. बांधावर कुणीच राहणार नव्हतं.

प्रतिक्षा छान बोलली. वाळूचा आलेख पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेतले लोकसुद्धा फोन ठेवून बघू लागले. मग पुण्याच्या संध्या मॅडमनी हात वर केला. संग्रहात काय घ्यायचं ते त्याच ठरवणार होत्या.

"ही काठी पहिल्यापासून एकाच जागी आहे ना?"

"हो मॅडम. एकदाही हलवलेली नाही."

मी टेबलाला टेकून उभी होते. वाटलं, धाडकन आडवं पडावं, निदान आवाज तरी होईल! पण लाकडाला तेवढीही मुभा नसते.

"आकडे तुमचे वडील घेतात म्हणालात. काका, तुम्ही सांगा."

गुणाजी शेवटच्या रांगेत उठून उभा राहिला. त्याने लेकीकडे पाहिलं. "नाय हलवली" एवढं म्हणाला असता तर लेकीचं काम झालं असतं. तेवढं त्याला कळत होतं.

"हलवली व्हती," तो म्हणाला. "खांड पडली तवा मीच उपटली. मंग परत लावली."

प्रतिक्षाचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, मला का नाय सांगितलंस?"

"तू कवा इचारलंस गो? तू आकडा मागायचीस, मी आकडा द्यायचो."

मला त्या पोरीची भयंकर दया आली. रडेल, नाहीतर बापावर ओरडेल, असं वाटलं. तिने ओठ दाबले आणि विचारलं, "किती वर बसली?"

गुणाजी पुढे आला. माझ्या पायथ्याशी चिखलाच्या दोन रेघा आहेत, एक जुनी, एक नवी. दोन्हींच्या मध्ये त्याने पंजा ताणून ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

प्रतिक्षाने तिथल्या तिथे अकरा पानं बाजूला सारली. दीड महिन्याच्या प्रत्येक आकड्यात वीतभर मिळवलं आणि सगळ्यांसमोर प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर रविवारची रेघ चढत गेली, बांधाच्या माथ्यापर्यंत आली आणि दोन बोटं वर जाऊन थांबली.

"आयतवारी तर समदी कोलाडला चाललीत!" गुणाजी ओरडला.

"जनूकाकाला फोन लाव, बाबा, तो आळीत सगळ्यांना सांगेल. आत्ताच्या आत्ता. म्हणावं, टेम्पो सोडा, बांधावर माती टाका."

भाषण तिथेच संपलं. संध्या मॅडमनी प्रोग्राम यंदा घेतला नाही, वर्षभराचे नवे आकडे मागितले. पण त्या मंडळींची एक रीत आहे, चूक दाखवून देणाऱ्याचं नाव कामाच्या यादीत लिहायचं. मॅडमनी गुणाजीचं नाव विचारलं.

"पन चूक बी माजीच हाय," तो म्हणाला.

"म्हणून काय झालं? दाखवलीत ना!"

परतीच्या गाडीत नागोठणं येईपर्यंत प्रतिक्षा नवे आकडे कसे घ्यायचे ते वहीत लिहीत होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "खोटं बोलला असतास तर मी खूष झाले असते, बाबा." गुणाजीने मला गुडघ्याशी घट्ट धरलं.

रविवारी दुपारी पाणी आलं. बांधाच्या जुन्या माथ्याच्या दोन बोटं वर आलं आणि शनिवारभर टाकलेल्या नव्या मातीला लागून तासभर उभं राहिलं. मग उतरलं. भाताला खाऱ्या पाण्याचा थेंब लागला नाही.

आता मी पुन्हा खाडीत उभी आहे. रंग उडालाय आणि पायाला कालवं चिकटलीत. उद्या बांध फुटला तर गुणाजी मला उपटेल, उपटायलाच हवं. माझी त्याला ना नाही. माझं मागणं एवढंच आहे. मला हलवा, मोडा, खांडीत आडवं घाला. पण हलवलंत, तर तेवढं सांगा.