टेकडीवरच्या काचपट्ट्या

“काय प्रोफेसर, टेकडी कुठवर आली? चहाला थांबेल का?” शिंप्याने मशीनवरूनच विचारलं.

तसबिरी मढवणारा म्हातारा नुसता हसला. गल्लीतल्या यच्चयावत पदव्या त्याच्या हातून चौकटीत गेलेल्या. स्वतः मात्र चौथी नापास. पण एक इंजिनिअर दुकानात जाडजूड पुस्तक विसरून गेला, आणि याने ते शब्दकोश हाताशी घेऊन नऊ वर्षं चघळलं. त्यातली एक गोष्ट पक्की पचली: भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवावी, पट्टी फुटली तर समजावं, भेग रुंदावतेय. मग उरल्यासुरल्या काचा त्याने घरांमागच्या टेकडीच्या भेगांवर प्लास्टरने चिकटवल्या, तापकऱ्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तशा. रोज सकाळी फेरी, आणि रोज वहीत एकच शब्द: शाबूत.

आज सातव्या भेगेशी तो थबकला. काच शाबूत होती. खालचं प्लास्टर मात्र ओलं होतं.

घरी म्हातारी भांडी घासत होती.

“सातवी पट्टी तू लावलीस?”

“लावली. फुटलेली दिसली की तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आणि लोक आधीच दात काढतात. म्हणून तुमच्या आधी जाऊन बदलते.”

“कधीपासून?”

तिने फळीवरचा डबा काढला. नवऱ्याची वस्तू, फुटकी झाली तरी तिच्याने टाकवली नव्हती. एकेक तुकडा ती ओळीने मांडू लागली.

“ही नात झाली तेव्हा. ही तिला दात आले तेव्हा. ही ती चालायला लागली तेव्हा. ही गेल्या पंधरवड्यात. ही परवा.” शेवटचे तुकडे तिने एकदमच काढले. “या तीन आजच्या.”

हे गणित करायला म्हाताऱ्याला बोटंही लागली नाहीत.

“नातीला उचल. सुनेला हाक मार.”

“अहो, आणि स्वयंपाक?”

“राहू दे. दारही उघडंच राहू दे.”

डबा घेऊन तो शिंप्याच्या दारात उभा राहिला.

“आली वाटतं पाहुणी!” शिंपी खिदळला.

तेवढ्यात मागून, वरून, ‘टिच्’ असा बारीक आवाज आला. मग दुसरा. शिंप्याचा पाय मशीनवर थिजला. ओठांत धरलेली सुई खाली पडली.

“कुठं जायचं, सर?”

“पुलापलीकडे. डावीकडची दारं तू ठोक, उजवीकडची मी.”

म्हातारी नातीला कडेवर घेऊन लगबगीने चालली होती. प्रत्येक ‘टिच्’ला नात टाळी वाजवत होती.