नमुन्यातली परकी रेषा

दीप्ती न कळवता आली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ती माझी भाची. इंग्लंडमध्ये मोटारींच्या शर्यतीतल्या एका संघाच्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ आहे. संघ जगात नावाजलेला आणि गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या. शर्यतींचे ऐन दिवस सुरू असताना ती गोंदियाजवळच्या कामठ्याला, आईच्या घरी, एक लहानशी बॅग घेऊन उतरली. सेवानिवृत्तीनंतर मी माझ्या बहिणीकडे, अल्काकडेच राहतो. गोंदियाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण आपल्याला ते नीट येतं याची खात्री मला तेव्हाही नव्हती.

"सुट्टी आहे," एवढंच ती म्हणाली. फोन आला की शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन बोलायची. मी दिसलो की आवाज खाली जायचा.

किराणा दुकानात गावातल्या दुर्गाप्रसादने मला गाठलंच. "काय जी सर, भाची काऊन आली बिनमौसमाची? काढून टाकलं का काय?"

"सुट्टी आहे," मी म्हणालो.

"असन बा," तो म्हणाला. "चेहरा तर सुट्टीचा नाही दिसून राहिला."

त्या गाड्यांच्या इंजिन ऑइलविषयी मी पूर्वीच हौसेने वाचलं होतं. ते जवळजवळ पाण्याइतकं पातळ असतं. घट्ट तेल ढवळण्यात ताकद वाया जाते म्हणून. इंजिनाचे भाग इतके घट्ट बसवलेले असतात की तेल आणि पाणी आधी गरम करून आत फिरवल्याशिवाय ते सुरूही करत नाहीत. आपल्या ट्रकच्या तेलाने हजारो किलोमीटर टिकायचं असतं. शर्यतीच्या तेलाने मात्र थोडाच वेळ टिकायचं, पण तेवढा वेळ असह्य उष्णतेत धातूला धातू लागू द्यायचा नाही. कोणते घटक किती मिसळले, हे प्रत्येक संघ जिवापाड जपतो. म्हणजे विकण्याजोगी गोष्ट दीप्तीच्या डोक्यात होती. तिने ती विकली असावी, असं मला वाटू लागलं. असं वाटल्याची लाज वाटायची, पण वाटणं थांबेना.

शेवटी एका दुपारी, अल्का शेतावर असताना, मी पुस्तक मिटलं. "दीप्ती, मला उगाच शंका येते असं समज. पण तिकडे काही झालं का?"

 तिने लॅपटॉप उघडला आणि सांगू लागली.

गाडी धावून परत आली की इंजिनातून थोडं तेल काढतात. त्यात लोखंड, तांबं, शिसं किती उतरलं यावरून आतला कोणता भाग झिजतोय ते कळतं. पण त्याच नमुन्याची आणखी एक तपासणी असते. संघाने आधी जाहीर केलेलं तेल आणि गाडीतलं तेल एकच हवं. तेलात मुद्दाम काही ज्वालाग्राही मिसळून ते इंजिनात जाळलं, तर चोरून जास्त ताकद मिळते. म्हणून जरा काही परकं सापडलं की चौकशी.

"आमच्या नमुन्यात परकं सापडलं," ती म्हणाली. "नमुना मी भरला होता. शर्यतीच्या आयोजकांनी संघाचे गुण रोखलेत. संघाला वाटतं, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मी काही टाकलं. मला घरी पाठवलंय. शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर द्यायचं, नाही तर नोकरी गेली. आणि या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

"तू टाकलंस?"

"मी काहीच टाकलं नाही, मामाजी." हे म्हणताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

पडद्यावर आलेख होता. त्यांच्या तेलाच्या ओळखीच्या रेषा आणि त्यांच्या बाजूला बारीकशा, परक्या. त्या मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. त्यांच्या तेलातही एस्टर, म्हणजे आम्लांपासून बनणारे पदार्थ असतात, पण कारखान्यात घडवलेले. हे मात्र साध्या वनस्पती तेलातल्या आम्लांसारखं दिसत होतं. माझं वाचन जुनं, चूक माझीच असेल, म्हणून मी बोललो नाही. तेलाने गाडी पळवायची असेल तर असलं काही कुणी टाकणार नाही, एवढं मात्र मला कळत होतं.

संध्याकाळी अल्का आली. हातपाय धुऊन, डबा घेऊन ती लेकीजवळ बसली. डब्यात मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल होतं. थंडीने तुपासारखं गोठलेलं. आमच्याकडे हिवाळ्यात भेगांना तेच लावतात.

"आन हात इकडं. कसे फाटले तिकडच्या थंडीनं."

दीप्तीने हात झटक्यात मागे घेतले, चटका बसल्यासारखे.

"काऊन वं? लहानपणी तर मांगून लावे."

"नको आई. नंतर."

ती उठून धुऱ्याकडे गेली. मी मागोमाग गेलो. कापलेल्या धानाचे सड पायाला टोचत होते. कसं विचारावं ते मला सुचेना, म्हणून सरळच विचारलं. "हे तेल तिकडे लावत होतीस?"

"आईने गेल्या वेळी डबा दिला होता. रोज लावायची."

"पण तिथे हातमोजे असतात ना?"

"असतात. बोटांना चिरा पडल्या होत्या. बाटलीचं झाकण इवलंसं, मोज्यातून फिरेना. एकदा मोजा काढला. झाकणाला आतून बोट लागलं असणार." ती थांबली. "आलेख पाहिल्याबरोबर मला कळलं होतं."

मला राग आला. "मग सांगत का नाहीस? लोक तुला चोर समजतात. मी..." पुढचं मी गिळलं.

"हाताला काही लावून नमुन्याला शिवायचं नाही, हा पहिला नियम आहे. सांगितलं तरी काढतीलच. आणि आईच्या तेलाने माझी नोकरी गेली, हे आईला कळलं तर ती जन्मभर स्वतःला दोष देईल. त्यापेक्षा मीच राजीनामा देते."

"कोणाले दोष?"

अल्का मागे उभी होती. डबा अजून हातातच.

"मले का काचेची समजली का? फुटन म्हणून लपवून राहिली?" ती लेकीला म्हणाली. "तेल म्या देल्लं, मोजा तू काढला. ज्याचं ते त्याच्याजवळ. पण चोरी केली नाही तर चोरावानी काऊन पळून राहिली? लाव फोन."

"आई, आता ते म्हणतील ही गोष्ट रचून आणली."

"म्हणू दे. लाव."

दीप्तीने फोन लावला. पलीकडचा संघाचा माणूस प्रेमाने बोलत नव्हता. असं सांगायला कुणी शिकवलं, हे त्याने दोनदा विचारलं. इथून पाठवलेलं तेल चालणार नाही, म्हणाला. तिच्या तिकडच्या खोलीत जुना डबा अजून होता. साक्षीदारासमोर त्यातलंच तेल घेऊन नमुन्याशी ताडून पाहू, असं ठरलं.

शुक्रवार उलटून गेला. मग उत्तर आलं. आम्लांचं प्रमाण तंतोतंत जुळलं होतं आणि संघाचे गुण परत मिळाले. दीप्तीची नोकरीही राहिली, पण शर्यतीच्या नमुन्यांना तिने यापुढे हात लावायचा नाही. कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बसायचं. तिला मैदानावरचंच काम आवडायचं, हे मला ठाऊक होतं.

जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. कपाटातली पुस्तकं उगाच चाळत राहिली.

"मामाजी, त्या दिवशी धुऱ्यावर तुमचं वाक्य अर्धं राहिलं."

मी चष्मा पुसला.

"तुम्हालाही वाटलं होतं ना, मी चोरी केली म्हणून?"

खोटं बोलणं मला जमत नाही आणि खरं बोलण्याची सवय नाही. "हो," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"तू हात मागे घेतलास तोवर."

तिने पुस्तक जागेवर ठेवलं. "तिकडचे लोक मला तीनच वर्षं ओळखतात," ती म्हणाली. "त्यांचं मी समजू शकते."

आणि ती बॅग भरायला गेली.