अकूशूजचं मागचं दार

शहापूरचा हायवे चौपदरी झाला आणि घनश्यामरावांच्या घराच्या मागून गेला. झालं! जिथं न्हाणी आणि उकिरडा होता तिथं काचेचं दार आलं, आणि पुढचं सागवानी दार गल्लीतल्या कुत्र्यांकडं तोंड करून बसलं.

या न्हाणीजवळ पंचफुला मेश्रामनं त्या घरच्या तीन पोरांची नाळ-वार पुरली होती. मागून यायचं, बाळंतपण करायचं, मागूनच जायचं. घरच्या पाटलिणीच्या, मनकर्णाबाईच्या, ज्या जागी नवऱ्याचाही हात दिवा मालवल्याशिवाय जात नसे, तिथं पंचफुलाचा हात मनगटापर्यंत गेला; पण चहा कान तुटलेल्या कपात. ती उठली की जागा शेणानं सारवून निघे. पुढची ओसरी तिनं कधी पाहिलीच नव्हती.

आता घरची सून टीना काचेच्या दारामागं प्रसूतिगृह काढत होती. डॉक्टरीण आणि नर्स होत्याच. पंचफुला मालीश करणार, बाळंतिणीला धीर देणार आणि फोटोत बसणार. उद्घाटनाच्या सकाळी ती आली तर डोमा पेंटर शिडीवर. पाटीवर ढब्बू अक्षरं: अकूशूज होम.

"हे काय होय गा डोमा?"

"मले काय माहीत, काकी. म्याडमनं कागद देला, मी रंग देला."

टीना हसत बाहेर आली. "फ्रेंच शब्द आहे, मावशी. तुमच्यासाठीच. अकूशूज म्हणजे सुईण."

"मंग सुईणच लिही ना."

"सुईण लिहिलं तर नागपूरच्या बायका येतील का? त्यांना वाटेल, इथं विळ्यानं नाळ कापतात."

पंचफुलानं आयुष्यात नाळेला विळा लावला नव्हता. आधी ब्लेड उकळायचं, मग नाळ कापायची. सत्तरीत तिला एकच हौस उरली होती: केलेल्या कामाला आपलं नाव लागावं. आणि इथं कामाचंच नाव परदेशातून मागवलं होतं!

ती काचेच्या दाराकडं वळली, तशी आत पूजेला बसलेली मनकर्णाबाई ओरडली, "ओ पंचफुले! पाहुणे येऊन राहिले. मागून ये, मागून!"

चाळीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं.

पंचफुलानं काचेच्या दाराकडं पाहिलं, गल्लीकडं पाहिलं. मग खुदकन हसली. "बरं, पाटलीनबाई. मागून येतो."

ती वळसा घालून गल्लीत गेली, कुत्र्यांना हाकललं, सागवानी दार ढकललं. ओसरीवर झोपाळा होता. त्याला एक झोका दिला. देवघराजवळून, स्वयंपाकघरातून, एकेक खोली निवांत बघत ती थेट पूजेच्या मागं येऊन उभी राहिली. मनकर्णाबाईचा हात तांब्यावरच अडकला. आता काय काय सारवायचं? टाइल्स होत्या सगळ्या घरात!

"तू घरातून आली?"

"तुमीच म्हनल्या, मागून ये."

टीनाला हसू दाबता येईना. पंचफुला पाहुण्यांच्या खुर्चीत बसली. "पोरी, फोटो पाहिजे ना? मंग पाटीवर खाली लिहायचं: सुईण पंचफुला मेश्राम. नाही तं मी चालली घरी."

"मावशी, पण पाटी..."

"तुया नवऱ्याले मीच बाहेर काढलं. तवा त्यानं फ्रेंचमधी नाही विचारलं, कोन होय मनून."

बाहेर गाड्या थांबत होत्या. टीनानं सासूकडं पाहिलं, सासूनं तांब्याकडं. शेवटी टीनाच दाराशी गेली. "डोमादादा, खाली लिहा."

"बारीक का मोठं?"

खुर्चीतून आवाज आला, "वरच्या त्या फ्रेंच बाईपरस मोठं!"

डोमानं डबा उघडला. मनकर्णाबाई हळूच म्हणाली, "आता जाशीन कोन्या दारानं?"

"जे जवळ पडन त्या दारानं. चहा सांगा आधी. कान असलेला कप द्या."