समोरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. हसू नका, मित्रांनो! जिच्यासाठी पुढारी भांडतात, ती मी नव्हे. अमेरिकेतल्या आमच्या राज्याच्या विधान भवनात, सिनेटरांच्या उंच खुर्च्यांसमोर, खाली एकटी ठेवलेली असायची ती मी. गव्हर्नरांनी उच्च न्यायालयासाठी एखादं नाव सुचवलं, की त्या माणसाने माझ्यावर बसायचं, समितीने त्याला सर्वांदेखत प्रश्न विचारायचे आणि मग मत द्यायचं.

माझा जन्म राज्याच्या तुरुंगातल्या सुतारशाळेत झाला. लिरॉय नावाच्या कैद्याने माझे अक्रोडी पाय बसवले. "नीट ठोक बाबा," शेजारचा त्याला चिडवायचा, "न्यायाधीश डुलला तर तुझी शिक्षा वाढवेल!" पण मी कधी डुलले नाही. भल्याभल्यांचे घामेजलेले हात मी सांभाळले. बसणारा माणूस आधी मागच्या रांगेतल्या आपल्या घरच्यांची ओळख करून द्यायचा आणि मग कुठे त्याचा आवाज सुटायचा. तो क्षण मला फार आवडायचा.

समितीतली एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. तिथे कुणी कुणाला "माझे सन्माननीय मित्र" म्हणालं, की समजायचं, आता सालटी निघणार!

एका वर्षी तेव्हाच्या गव्हर्नरांनी ओडेसा प्रुइट यांचं नाव सुचवलं. जिल्हा न्यायालयात न्यायनिवाडे करता करता केस पांढरे केलेल्या बाई. त्यांचे वडील एझ्रा बसचालक होते. लेकीच्या मागे बसायचं म्हणून म्हाताऱ्याने नवा सूट घेतला. पण समितीचे अध्यक्ष हार्लन टिबेट्स यांनी सुनावणीच ठेवली नाही. "निवडणूक जवळ आली आहे. आधी लोकांना बोलू द्या!" ते म्हणाले. विरुद्ध, म्हणजे गव्हर्नरांच्या पक्षाच्या कॉर्नेलिया वाइस कडाडल्या, "माझे सन्माननीय मित्र काम टाळताहेत! निवडणूक असो नसो, सुनावणी झालीच पाहिजे!"

मी रिकामीच राहिले. निवडणुकीत गव्हर्नर बदलले आणि ओडेसाबाईंचं नाव बारगळलं. त्यानंतर एकदा बापलेक नुसतं दालन बघायला आले. बाई माझ्यावर जेमतेम टेकल्या. एझ्रा तो सूट घालून मागे बसले.

"अध्यक्षमहाराज, माझ्या मागे बसलेत ते माझे वडील," बाई त्या रिकाम्या खुर्च्यांना म्हणाल्या.

"मोठ्यानं बोल की पोरी!"

तेवढ्यात टिबेट्स दारात आले आणि ओशाळले. "बाई, त्यात वैयक्तिक काही नव्हतं हं."

"नसेल साहेब," एझ्रा म्हणाले. "पण नापास करायचं होतं, तर आधी पोरीला परीक्षेला तरी बसू द्यायचं."

टिबेट्स आल्या पावली निघून गेले. मला त्यांचा फार राग आला.

पुढची निवडणूक तोंडावर आली, तेव्हाचे नवे गव्हर्नर हे टिबेट्स यांच्याच पक्षाचे होते. त्यांनी सायलस ग्रीअर यांचं नाव सुचवलं आणि घाईघाईने सुनावणी ठरली. "लोकांनी आपल्याला काम करायलाच निवडलंय!" टिबेट्स गरजले. "आधी लोकांना बोलू द्या!" वाइसबाई ओरडल्या. भाषणं तीच होती, फक्त तोंडं बदलली होती.

वाइसबाईंनी साक्षीला ओडेसाबाईंना बोलावलं. त्या माझ्यावर बसल्या आणि एझ्रा तोच सूट घालून मागे बसले. "सांगा ना," त्यांनी गोड आवाजात विचारलं, "निवडणुकीच्या तोंडावर अशी सुनावणी घेणं योग्य आहे का?"

ओडेसाबाईंनी माझे हात घट्ट धरले. "योग्य आहे. ग्रीअरसाहेबांना खुशाल प्रश्न विचारा. माझ्या वेळी तुम्हीही हेच म्हणत होतात."

टिबेट्स खूश होऊन हसले.

"तुम्ही हसू नका, अध्यक्षमहाराज," बाई म्हणाल्या. "ते तेव्हाही योग्यच होतं."

दोन्ही बाजूंचे सिनेटर समोरचे कागद चाळू लागले. ग्रीअर यांच्या नावाला मंजुरी मिळाली. ते भले गृहस्थ होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, आता मी तळघरात पडून आहे. एक पाय सैल झाला आहे. कुणी दुरुस्त केला तर बरं वाटेल, नाही केला तरी चालेल. पण कुणाला नकार द्यायचा असेल, तर त्याला समोर बसवा, त्याचं ऐका आणि मग द्या. परक्याला जो नियम लावाल, तोच आपल्या माणसालाही लावा. एवढं तुम्ही केलंत तर मी भरून पावले.

ओडेसाबाई उच्च न्यायालयात कधीच गेल्या नाहीत. न्यायाच्या आसनावर शोभलं असतं ते माणूस माझ्यावर बसलं, खरं बोललं आणि वडिलांचा हात धरून घरी परत गेलं.